खासगी दातृत्व आणि सार्वजनिक वारसा : संगीता जिंदाल यांच्या कार्याच्या निमित्ताने

(अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)



मंदिरे, ग्रंथालये, चित्रशाळा आणि उद्याने यांचा विचार सामान्यतः इतिहासाच्या किंवा कलेच्या अभ्यासक्रमात केला जातो. अर्थशास्त्राच्या वर्गात हा विषय क्वचितच येतो. तथापि वारसा जपण्याचा खर्च कोणी करावा, त्याचा लाभ कोणाला मिळतो आणि निर्णयाचा अधिकार कोणाकडे असावा, हे तिन्ही प्रश्न निखालस अर्थशास्त्राचे आहेत. देशाच्या नागरी सेवांमध्ये जाऊ इच्छिणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना पुढे हे प्रश्न कागदावर नव्हे, तर फाइलवर सोडवावे लागणार आहेत. म्हणून आज एका उद्योजक महिलेचे, म्हणजे जेएसडब्ल्यू फाउंडेशनच्या अध्यक्षा संगीता जिंदाल यांचे कार्य उदाहरणादाखल घेऊन या प्रश्नांची मांडणी करणार आहे. व्यक्तिगौरव हा या व्याख्यानाचा हेतू नाही. एका ठोस उदाहरणाच्या आधारे खासगी दातृत्वाचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा तपासणे हा हेतू आहे.

वारशाचे आर्थिक स्वरूप

प्रथम संकल्पना स्पष्ट करून घेऊ. एखादी प्राचीन वास्तू पाहण्याने दुसऱ्याच्या पाहण्यात काही उणे होत नाही; आणि रस्त्यावरून दिसणारी तिची शोभा कोणाला नाकारताही येत नाही. सार्वजनिक वस्तूची ही दोन्ही लक्षणे वारशात मोठ्या प्रमाणात आढळतात. प्रवेशशुल्क लावून आतील भाग मर्यादित करता येतो, परंतु शहराला लाभलेले रूप, समाजाला मिळालेली ओळख आणि अभ्यासकाला मिळालेला पुरावा यांवर तिकीट लावता येत नाही. त्यामुळे लाभ अनेकांना आणि खर्च मात्र कोणाचाच नाही, अशी स्थिती उद्भवते. बाजारयंत्रणा येथे अपुरी पडते.

वारशाचे मूल्यही केवळ उपयोगातून ठरत नाही. हंपीला कधीही न गेलेल्या नागरिकालाही हंपी टिकून राहावी असे वाटते. यास अस्तित्वमूल्य म्हणतात. पुढे कधीतरी जाता यावे, ही अपेक्षा म्हणजे पर्यायमूल्य. नातवंडांना ती पाहता यावी, ही इच्छा म्हणजे उत्तरदानमूल्य. पर्यटकांच्या संख्येवरून वारशाचे मोल ठरवू पाहणारा हिशोब ही तिन्ही मूल्ये वगळतो आणि म्हणून अपुरा ठरतो.

कलेच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. विल्यम बॉमल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये सादरीकरणाच्या कलांच्या अर्थव्यवहारावरील आपल्या ग्रंथात ती मांडली. कारखान्यात यंत्रामुळे उत्पादकता वाढते व त्याबरोबर वेतनही वाढते. परंतु एका रागाचा विस्तार करण्यास गायकाला शंभर वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागत होता, तेवढाच आजही लागतो. उत्पादकता स्थिर राहते, खर्च मात्र अर्थव्यवस्थेतील इतर वेतनांबरोबर वाढत जातो. यास 'खर्चव्याधी' असे नाव पडले. दगड घडवणाऱ्या पाथरवटाला आणि चुन्याचा गिलावा करणाऱ्या गवंड्यालाही हाच नियम लागू पडतो. म्हणून कला आणि वारसा या दोन्ही क्षेत्रांना तिकीटविक्रीच्या पलीकडचा आश्रय लागतो. तो शासन देते, समाज देतो किंवा एखादा दाता देतो. प्रश्न तो कसा दिला जातो, हा आहे.

आश्रयाची पार्श्वभूमी

संगीता जिंदाल यांचा जन्म कानोरिया या उद्योजक घराण्यातला. त्यांच्या मातोश्री ऊर्मिला कानोरिया यांनी १९८४ मध्ये अहमदाबादेत कानोरिया सेंटर फॉर आर्ट्स ही संस्था उभी केली. तरुण चित्रकार आणि शिल्पकारांना काम करण्यासाठी जागा, साधने आणि परस्परांचा सहवास मिळावा, ही त्या संस्थेमागील कल्पना. चित्र विकत घेणे हा कलाश्रयाचा एक प्रकार झाला; चित्र घडण्यासाठी लागणारी परिस्थिती निर्माण करणे हा दुसरा. पहिल्या प्रकारात दात्याकडे मालमत्ता जमा होते, दुसऱ्यात समाजाकडे क्षमता जमा होते. हा भेद पुढील सर्व विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

संगीता जिंदाल यांच्या कार्यात हा दुसरा प्रकार वारंवार आढळतो. १९९६ मध्ये त्यांनी 'आर्ट इंडिया' हे समकालीन कलेला वाहिलेले इंग्रजी नियतकालिक सुरू केले. नियतकालिक हा परोपकाराचा विषय कसा, असे काहींना वाटेल. येथे माहितीच्या विषमतेचा सिद्धान्त आठवावा. कलाबाजारात विक्रेत्याला जेवढे ठाऊक असते तेवढे ग्राहकाला नसते. नवख्या कलावंताला तर दोघांहून कमी ठाऊक असते. अशा बाजारात विश्वासार्ह समीक्षा ही स्वतःच एक सार्वजनिक वस्तू असते. ती सर्वांना हवी असते, पण तिचा पूर्ण खर्च वर्गणीतून क्वचितच निघतो. म्हणून तिला आश्रय लागतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटकातील तोरणगल्लूजवळ विद्यानगर येथे 'हंपी आर्ट लॅब्ज' हे कलाकेंद्र सुरू झाले. संगीता जिंदाल आणि त्यांच्या कन्या तारिणी जिंदाल हांडा यांनी ते स्थापन केले आणि वास्तुरचनाकार समीप पडोरा यांनी त्याचा आराखडा केला. कलावंतांना निवासी वास्तव्य आणि कार्यशाळा देणारे हे केंद्र मुंबई-दिल्लीत नव्हे, तर पोलाद कारखान्याच्या वसाहतीत उभे राहिले. कलेच्या सुविधा महानगरांत एकवटतात, हा प्रादेशिक असमतोल आपल्या परिचयाचा आहे. त्या दृष्टीने या स्थळाच्या निवडीकडे पाहिले पाहिजे.

हंपी : उद्योग आणि वारसा यांचे शेजार

तोरणगल्लूचा उल्लेख आला, तेव्हा या परिसराची थोडी माहिती घेऊ. विजयनगरच्या राज्याची स्थापना १३३६ मधली. १५६५ च्या लढाईनंतर, जी तालिकोट किंवा राक्षसतागडीची लढाई म्हणून ओळखली जाते, राजधानी उजाड झाली. तुंगभद्रेच्या काठी १,६०० हून अधिक वास्तू-अवशेष आज शिल्लक आहेत. युनेस्कोने १९८६ मध्ये या स्मारकसमूहाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. याच भागात लोहखनिज विपुल असल्यामुळे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या जिंदाल विजयनगर स्टीलचा कारखाना तोरणगल्लूला आला. २०२१ मध्ये बळ्ळारीचे विभाजन होऊन हंपी नव्या विजयनगर जिल्ह्यात गेली आणि तोरणगल्लू बळ्ळारीतच राहिले.

खनिज, पोलाद आणि जागतिक वारसा एकमेकांच्या शेजारी असणे ही सोपी स्थिती नव्हे. उद्योगामुळे रोजगार येतो, रस्ते येतात, तसाच धूळ, वाहतूक आणि जमिनीवरील ताणही येतो. अशा परिसरातील उद्योगसमूहाने वारसा संवर्धनात भाग घेणे याला काही जण प्रतिमावर्धन म्हणतील, तर काही जण परिसराविषयीचे उत्तरदायित्व. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने हेतूवर वाद घालण्याऐवजी परिणाम तपासावा आणि त्याचबरोबर एक गोष्ट स्पष्ट ठेवावी : संवर्धनासाठी दिलेली देणगी ही पर्यावरणीय नियमांच्या पालनाला पर्याय ठरू शकत नाही. दोन्ही हिशोब वेगळ्या वहीत मांडले पाहिजेत.

हंपी परिसरात जेएसडब्ल्यू फाउंडेशनने हाती घेतलेल्या कामांत तुंगभद्रेतील बेटावरील चंद्रमौळेश्वर मंदिराचे संवर्धन महत्त्वाचे आहे. ग्लोबल हेरिटेज फंड या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने ते झाले. अशा कामाचे स्वरूप समजून घ्या. जुन्या मंदिराची शिळा जागेवरून सरकली, म्हणजे तिच्या सांध्यांत पाणी शिरते, मुळे शिरतात आणि भार चुकीच्या दिशेने जाऊ लागतो. सिमेंटने सांधे बुजवले तर तात्पुरते बरे दिसते, परंतु ओल आत कोंडते. चुन्याच्या मिश्रणातून ती बाहेर पडू शकते. म्हणून प्रत्येक शिळेची नोंद, मोजमाप, क्रमांक आणि मग पुनर्स्थापना असा संथ मार्ग घ्यावा लागतो. या कामात पैशाइतकाच संयमही खर्च होतो.

हंपीने आणखी एक धडा दिला आहे. नदीवर उभारल्या जात असलेल्या पुलांमुळे स्थळाच्या अखंडतेला धोका निर्माण झाला, म्हणून १९९९ मध्ये युनेस्कोने हंपीचे नाव धोक्यातील वारसा यादीत घातले. ते २००६ मध्ये काढण्यात आले. दरम्यान कर्नाटकाने २००२ च्या कायद्याने हंपी जागतिक वारसा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली. जानेवारी २००९ मध्ये बांधकाम चालू असतानाच आनेगुंदीचा पूल कोसळला. पुढे जुलै २०११ मध्ये विरूपाक्ष मंदिरासमोरील प्राचीन बाजारपेठेच्या मंडपांत राहणाऱ्या व व्यवसाय करणाऱ्या कुटुंबांना तेथून हटवण्यात आले. पूल हवा असणारा गावकरी, मंडपात दुकान चालवणारे कुटुंब आणि स्मारकाचा रक्षक या तिघांचीही बाजू ऐकून घेण्यासारखी आहे. अशा संघर्षाचा निवाडा कोणताही दाता करू शकत नाही आणि त्याने तो करूही नये. तो लोकनियुक्त शासनाचा आणि कायद्याचा प्रांत आहे. खासगी दातृत्वाची पहिली मर्यादा येथे दिसते.

मुंबई : ज्यांना वाली नाही अशा वास्तू

आता मुंबईकडे वळू. येथे या कार्याचा दुसरा पैलू स्पष्ट होतो.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली सुमारे ३,७०० स्मारके आहेत. राज्य शासनांच्या संरक्षणाखाली आणखी काही हजार असतील. परंतु देशातील बहुसंख्य ऐतिहासिक वास्तू या दोन्ही याद्यांत नाहीत. वाडे, ग्रंथालये, प्रार्थनास्थळे, बाजार, विहिरी यांवर न्यासांची, संस्थांची किंवा कुटुंबांची मालकी आहे. मुंबईत १९९५ च्या वारसा नियमावलीने अशा इमारतींची श्रेणीनिहाय यादी करून त्यांतील बदलांवर नियंत्रण आणले. देशातील या स्वरूपाचा तो पहिला प्रयत्न. मात्र नियम पाडकाम थांबवतो. गळके छप्पर दुरुस्त करत नाही.

काळा घोडा परिसरातील केनेसेथ इलियाहू हे सिनेगॉग १८८४ मध्ये बांधले गेले. बगदादी ज्यू समाजाच्या बहुसंख्य कुटुंबांनी पुढे देश सोडला आणि वास्तूच्या देखभालीचा भार मोजक्या लोकांवर आला. येथे बाजार अपयशी ठरतो, कारण वास्तूतून उत्पन्न नाही. राजकारणही उदासीन राहू शकते, कारण मागे मोठा मतदारवर्ग नाही. अशा ठिकाणी दात्याच्या एका रुपयाचा सीमान्त लाभ सर्वाधिक असतो. जेएसडब्ल्यू फाउंडेशन, काळा घोडा असोसिएशन आणि वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड यांच्या सहभागातून आणि संवर्धन-वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली त्याचा जीर्णोद्धार झाला. २०१९ मध्ये वास्तू पुन्हा खुली झाली आणि त्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कारांत तिला गुणवत्ता पुरस्कार मिळाला.

जवळच १८७० मधील डेव्हिड ससून ग्रंथालय आहे. तेथे अनेक देणगीदार एकत्र आले, त्यांत जेएसडब्ल्यू फाउंडेशन होते. जीर्णोद्धारानंतर २०२३ मध्ये हे ग्रंथालय पुन्हा खुले झाले. परीक्षेच्या अभ्यासासाठी शांत जागा शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रंथालयाच्या वाचनकक्षाचे मोल निराळे सांगायला नको. जी वास्तू आजही वापरात आहे तिचे संवर्धन म्हणजे भूतकाळाची नव्हे, तर चालू सेवेची दुरुस्ती होय.

या दोन्ही उदाहरणांत काळा घोडा असोसिएशन या संस्थेची भूमिका लक्षात घ्या. तिने १९९९ पासून सुरू केलेला कला महोत्सव दरवर्षी लाखो लोकांना त्या परिसरात आणतो. महोत्सवामुळे परिसराविषयी आपलेपणा निर्माण होतो, आपलेपणातून देणग्या येतात आणि देणग्यांतून दुरुस्ती होते. दाता, नागरी संस्था, तंत्रज्ञ आणि मालक न्यास या चौघांचे काम वेगळे राहिले, हे या प्रारूपाचे वैशिष्ट्य. पैसा देणाऱ्याने चुन्याचे प्रमाण ठरवायचे नसते, आणि प्रमाण ठरवणाऱ्याने पैशासाठी दारोदार हिंडायचे नसते.

२०२१ मध्ये श्रीनगरच्या शालिमार व निशात या मोगलकालीन उद्यानांच्या जीर्णोद्धारासाठी जेएसडब्ल्यू फाउंडेशनने जम्मू-काश्मीर प्रशासनाशी करार केला. म्हणजे कर्नाटकातील मंदिर, मुंबईतील सिनेगॉग व ग्रंथालय आणि काश्मीरमधील उद्यान असा या कार्याचा विस्तार आहे. संविधानाच्या अनुच्छेद ५१-क (च) ने प्रत्येक नागरिकाला आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जतन करण्याचे कर्तव्य सांगितले आहे. 'संमिश्र' या शब्दाचा अर्थ अशा विविधतेत दिसतो.

कायद्याची चौकट

स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने कायद्याची चौकट नेमकी माहीत असणे आवश्यक आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार संसदेने राष्ट्रीय महत्त्वाची घोषित केलेली स्मारके संघसूचीत (नोंद ६७), इतर प्राचीन स्मारके राज्यसूचीत (नोंद १२) आणि इतर पुरातत्त्वीय स्थळे समवर्ती सूचीत (नोंद ४०) येतात. अनुच्छेद ४९ नुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण हे राज्यसंस्थेचे बंधन आहे. १९५८ चा प्राचीन स्मारके कायदा आणि त्यातील २०१० ची दुरुस्ती यांनुसार संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर निषिद्ध आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते.

खासगी सहभागासाठी तीन मार्ग आहेत. पहिला, १९९६ मध्ये १८९० च्या धर्मादाय देणगी कायद्याखाली स्थापन झालेला राष्ट्रीय सांस्कृतिक निधी. दुसरा, २०१७ मधील वारसा दत्तक योजना; तिची सुधारित आवृत्ती सप्टेंबर २०२३ मध्ये आली. तिसरा, कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५. ५०० कोटी रुपये निव्वळ मूल्य, १,००० कोटी रुपये उलाढाल किंवा ५ कोटी रुपये निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करावयाची असते. सातव्या परिशिष्टाच्या पाचव्या बाबीत राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृती, ऐतिहासिक इमारतींचा जीर्णोद्धार, सार्वजनिक ग्रंथालये आणि पारंपरिक कला-हस्तव्यवसाय यांचा समावेश आहे.

येथे माझा मुख्य मुद्दा येतो. सामाजिक दायित्वाच्या नियमांनुसार 'चालू प्रकल्पा'ची कमाल मुदत सुरुवातीचे वर्ष वगळून तीन वर्षे आहे. शिवाय जानेवारी २०२१ पासून एखाद्या संस्थेच्या कायम निधीला दिलेली देणगी सामाजिक दायित्वाचा खर्च म्हणून ग्राह्य धरली जात नाही. या नियमांमागील हेतू योग्य आहे. पैसा निधीत पडून राहू नये, तो प्रत्यक्ष कामावर खर्च व्हावा. परंतु वारशाचे काळमान निराळे आहे. जीर्णोद्धार तीन वर्षांत संपतो. देखभाल कधीच संपत नाही. दर पावसाळ्यापूर्वी छपरावरील पन्हळी साफ करणे, भिंतीत रुजलेले पिंपळाचे रोप कोवळे असतानाच काढणे, चुन्याचा हात फिरवणे या किरकोळ खर्चाच्या कामांनी वास्तू टिकते. या कामांचे उद्घाटन होत नाही, त्यांची कोनशिला बसत नाही. म्हणून त्यांना पैसाही मिळत नाही. आज दुर्लक्षिलेली हजारांची देखभाल उद्या कोटींच्या जीर्णोद्धाराच्या रूपाने समोर येते.

याचा निष्कर्ष असा की, कंपनीचा दायित्व-निधी आणि व्यक्तीचे स्वतःचे दान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची कामेही वेगळी असावीत. ठरावीक मुदतीचे, मोजता येणारे काम कंपनीच्या निधीतून व्हावे. देखभालीचा कायम निधी, कारागिरांचे दीर्घ प्रशिक्षण, समीक्षा, अपयशाची शक्यता असलेला कलाप्रयोग यांसाठी वैयक्तिक संपत्तीतून दान यावे. कारण तेथे भागधारकांना वा तिमाही अहवालाला उत्तर द्यावे लागत नाही. एकच व्यक्ती दोन्ही निधींच्या मुळाशी असते तेव्हा हा भेद पुसट होतो. तो स्पष्ट ठेवणे हे दात्याच्याही हिताचे आहे.

खासगी आणि दौलत

हा भेद आपल्याकडे नवा नाही. १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे पेशव्यांकडून स्वतंत्र जहागीर मिळाली. ती 'खासगी' म्हणून ओळखली गेली. राज्याचा खजिना म्हणजे 'दौलत' आणि ही 'खासगी' यांचे हिशोब वेगळे राहिले. अहिल्याबाईंनी देशभर जी मंदिरे, घाट, धर्मशाळा उभारल्या, त्यांसाठी या खासगीच्या उत्पन्नाचा आधार होता. काशी विश्वनाथाचे १७८० मधील मंदिर त्यांतलेच. बांधकामाबरोबरच पूजाअर्चा आणि सदावर्त यांच्या वार्षिक खर्चाची तरतूद करण्याकडे त्यांनी लक्ष दिले, हे तुम्हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. वास्तू आणि तिचा निर्वाह या दोन्हींचा विचार एकत्र झाला होता.

या इतिहासाचा उत्तरार्धही बोधप्रद आहे. संस्थाने विलीन झाल्यानंतर या मालमत्ता एका न्यासाकडे आल्या. त्यांच्या विक्रीवरून वाद झाले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये या न्यासाला मध्य प्रदेशचा सार्वजनिक न्यास कायदा लागू होतो, असा निर्णय दिला. खासगी पैशातून झालेले लोकहिताचे काम कालांतराने लोकांचे होते आणि त्याचा हिशोब लोकांना द्यावा लागतो. आजच्या दात्यांनाही हाच नियम लागू आहे. देणगीवर करसवलत मिळते तेव्हा तर शासनाने सोडलेल्या महसुलाच्या रूपाने प्रत्येक करदाता त्या देणगीचा अंशतः भागीदार झालेला असतो.

मर्यादा आणि धोके

तीन धोक्यांचा थोडक्यात निर्देश करतो.

पहिला धोका निवडीचा. दाता स्वाभाविकपणे आपल्याला आवडणारी किंवा प्रसिद्ध वास्तू निवडतो. त्यामुळे ज्या जिल्ह्यांत मोठे उद्योग नाहीत, तेथील वारसा मागे पडतो. 'स्थानिक क्षेत्राला प्राधान्य' हे कंपनी कायद्यातील तत्त्व याच कारणाने दुधारी ठरते. ईशान्येकडील किंवा मध्य भारतातील आदिवासी भागांच्या वारशासाठी सार्वजनिक खर्चच प्रामुख्याने आधार राहणार.

दुसरा धोका विस्थापनाचा. खासगी पैसा येतो म्हणून शासनाने आपला खर्च आखडता घेतला, तर एकूण संसाधनांत वाढ होत नाही. केवळ अदलाबदल होते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालात तपासणी केलेल्या १,६५५ संरक्षित स्मारकांपैकी ९२ स्मारके सापडलीच नव्हती. नोंद, पहारा आणि कायद्याची अंमलबजावणी ही कामे देणगीवर सोपवता येत नाहीत.

तिसरा धोका अधिकाराचा. लाल किल्ल्याच्या बाबतीत २०१८ मध्ये एका खासगी समूहाशी पाच वर्षांसाठी २५ कोटी रुपयांचा करार झाला, तेव्हा तो सोयीसुविधांपुरता असूनही देशभर वाद झाला. राष्ट्रीय स्मारकावर कोणाचे नाव लागते, याविषयी नागरिक संवेदनशील असतात आणि ते योग्यच आहे. याउलट दिल्लीतील हुमायून कबरीच्या बाबतीत आगाखान सांस्कृतिक न्यासाने २००३ मध्ये उद्यानाचे आणि पुढे २००७ ते २०१३ या काळात कबरीचे संवर्धन केले. छतावरील सिमेंट-काँक्रीटचे थर काढले, चुन्याचे काम पुन्हा केले आणि शेजारच्या निजामुद्दीन वस्तीतील तरुणांना रंगीत कौलांच्या कामात सामावून घेतले. मालकी आणि देखरेख पुरातत्त्व सर्वेक्षणाकडेच राहिली. अटी स्पष्ट असतील तर भागीदारी विश्वासास पात्र ठरते, एवढे यातून दिसते.

कारागिरांचा प्रश्न

शेवटचा मुद्दा रोजगाराचा. वारसा संवर्धन हे श्रमप्रधान क्षेत्र आहे. नव्या बांधकामात खर्चाचा मोठा हिस्सा सिमेंट-पोलादावर जातो, तर संवर्धनात तो कुशल हातांच्या मजुरीवर जातो. पाथरवट, सुतार, चुना मळणारे, काचकाम करणारे यांची पिढी संपली, तर निधी असूनही काम करणारे मिळणार नाहीत. हंपीच्याच परिसरात सांडूरचे लंबाणी भरतकाम आहे; त्याला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. मंदिराच्या शिळेइतकाच हाही वारसा आहे, आणि तो जिवंत आहे. कलाकेंद्रात येणारा समकालीन कलावंत आणि पिढ्यान्‌पिढ्या सुई चालवणारी लंबाणी स्त्री यांना एकाच आश्रयाखाली बरोबरीने काम करता आले, तर आश्रयाची व्याप्ती खऱ्या अर्थाने वाढेल. उद्योजक महिलांच्या दातृत्वाकडून ही अपेक्षा विशेषत्वाने करावीशी वाटते, कारण हस्तव्यवसायातील श्रमाचा मोठा भाग स्त्रियांचा आहे आणि त्याचे मोल बाजारात सर्वांत कमी लावले जाते.

समारोप

मित्रहो, संगीता जिंदाल यांच्या कार्यातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत : वस्तू जमवण्याऐवजी संस्था उभारणे, ज्यांना उत्पन्न नाही आणि मतांचा पाठिंबाही नाही अशा वास्तूंना हात देणे, आणि तंत्रज्ञ, नागरी संस्था व शासन यांच्याबरोबर काम करणे. त्याच कार्यावरून दोन प्रश्न उरतात, आणि ते सर्वच दात्यांसाठी आहेत : जीर्णोद्धारानंतरच्या तीसाव्या पावसाळ्यात पन्हळ साफ करण्यासाठी पैसा कोठून येईल? आणि तो देण्याचा निर्णय कोण करील?

या प्रश्नांची उत्तरे केवळ दात्यांकडे नाहीत. प्रत्येक जीर्णोद्धार करारात देखभालीची स्वतंत्र तरतूद बंधनकारक करणे, वारशाच्या कायम निधीपुरता सामाजिक दायित्वाच्या नियमात कठोर लेखापरीक्षणासह अपवाद करणे आणि असंरक्षित वास्तूंची जिल्हावार नोंदवही तयार करणे, ही तीन पावले शासनाला उचलता येतील. तुमच्यापैकी जे उद्या जिल्ह्याच्या प्रशासनात जातील, त्यांनी पहिल्याच वर्षी आपल्या जिल्ह्याची अशी नोंदवही मागवावी. ती नसेल, तर ती तयार करण्याच्या कामापासून सुरुवात करावी.